‘आई, मी पाठ केलं होतं गं’

या आठवड्याचं पत्र वाईहून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

‘बाई, सप्रेम नमस्कार. मी घरी पोळी-भाजी केंद्र चालवते. मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम. पहाटे पाचला उठून पाठ करते, मला म्हणून दाखवते, एक शब्द चुकत नाही. आणि सहामाहीला भूमितीत ४० पैकी १४ मार्क. प्रमेय पाठ केलेलंच आलं होतं, फक्त त्रिकोणाची अक्षरं बदलली होती आणि आकृती आडवी काढली होती. घरी येऊन रडली. म्हणाली, “आई, मी पाठ केलं होतं गं.” सर म्हणाले, पाठांतर वाढवा. शेजारच्या वहिनी म्हणतात, समजून घेतल्याशिवाय काही खरं नाही. मी बारावी आर्ट्स, गणित कधीच सुटलं. जे मलाच येत नाही ते मी तिला समजावणार कसं? आणि चार महिन्यांत हे जमेल का?’

प्रिय ताई,

आधी तुमच्या लेकीच्या त्या वाक्याबद्दल बोलू, कारण ते अगदी खरं आहे. तिने पाठ केलं होतं. मेहनत केली होती. तेव्हा ‘अभ्यास कमी पडला’ हे घरात कुणी तिला म्हणू नये, तुम्ही नाही आणि तिच्या बाबांनीही नाही. पहिलीपासून नववीपर्यंत तिला याच रीतीने मार्क मिळाले. कविता पाठ केली, शाबासकी. प्रश्नोत्तरं पाठ केली, वहीवर ‘छान’ असा शेरा. जी वाट नऊ वर्षं बरोबर निघाली त्याच वाटेने ती दहावीतही चालत राहिली. यात तिचा काहीच दोष नाही.

आता अक्षरं बदलल्यावर तिचं अडलं कशाने, ते सांगते. प्रमेय नुसतं पाठ केलं की डोक्यात आवाजांची माळ राहते. ‘त्रिकोण एबीसीमध्ये रेषा पीक्यू समांतर बाजू बीसी’ असं ते एका सुरात बसलेलं असतं. त्यातला एक मणी बदलला, एबीसीच्या जागी एक्सवायझेड आलं, की पुढचे सगळे घरंगळतात. मी बत्तीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. पहिली पाच-सहा वर्षं मीही सिद्धता फळ्यावर लिहून द्यायचे आणि पाच वेळा लिहून आणा म्हणायचे. मुलं आणायची, सुवाच्य अक्षरात. एकदा घाईत माझ्याकडून आकृती उलटी काढली गेली, त्रिकोणाचं टोक खाली. वर्गातला सगळ्यात कष्टाळू मुलगा उभा राहिला आणि काकुळतीने म्हणाला, ‘बाई, हा आपला त्रिकोण नाहीये.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्याला त्रिकोण शिकवलाच नव्हता, एक चित्र आणि एक परिच्छेद पाठ करून घेतला होता. तेव्हापासून मी एक नियम केला. सिद्धता आधी एकही अक्षर न वापरता सांगायची. चित्रावर बोट ठेवून ‘हा’, ‘तो’, ‘ही बाजू’ एवढ्या शब्दांत. तशी सांगता आली, तरच वहीत उतरवायची.

पत्रावरून वाटतं की आलेलं प्रमेय प्रमाणाचं मूलभूत प्रमेय होतं. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली, तर ती उरलेल्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात विभागते. दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या प्रकरणात ते आहे. तेच घेऊन बसू या. तुम्हीही कागद घ्या, जुन्या बिलाची पाठकोरी बाजू चालेल.

एक मोठा त्रिकोण काढा. त्याच्या मध्यावर, तळाच्या बाजूला समांतर अशी एक आडवी रेघ ओढा, डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत. रेघेच्या वर एक छोटा त्रिकोण तयार झाला, खाली पट्टा उरला. आता त्या पट्ट्यात दोन तिरक्या रेघा मारा. रेघेच्या उजव्या टोकापासून तळाच्या डाव्या कोपऱ्याला एक, आणि डाव्या टोकापासून तळाच्या उजव्या कोपऱ्याला दुसरी. पट्ट्यात फुली झाली. रचना एवढीच.

आता नीट बघा. आडव्या रेघेला धरून खाली लोंबणारे दोन त्रिकोण दिसतात. एकाचं टोक डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्याचं उजव्या कोपऱ्यात. दोघांचा पाया एकच, ती आडवी रेघ. आणि दोघांची टोकं तळाच्या बाजूवर, जी त्या रेघेपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर आहे. पाया तोच, उंची तीच, म्हणजे दोघांचं क्षेत्रफळ सारखं. हे पहिलं.

मग डाव्या बाजूवर बोट ठेवा. आडव्या रेघेने या बाजूचे दोन तुकडे केलेत, वरचा आणि खालचा. वरच्या तुकड्यावर वरचा छोटा त्रिकोण उभा आहे, खालच्या तुकड्यावर डाव्या कोपऱ्यातला लोंबणारा त्रिकोण. आणि दोघांचं टोक एकाच ठिकाणी, रेघेच्या उजव्या टोकाशी. कागद थोडा फिरवून डावी बाजू तळाला घ्या, म्हणजे लगेच दिसेल. दोघांची उंची एकच, तेव्हा लहानमोठेपणा ठरणार तो पायावरून. पाया दुप्पट तर त्रिकोण दुप्पट, पाया दीडपट तर त्रिकोण दीडपट. म्हणजे डाव्या बाजूचे तुकडे ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात हे दोन त्रिकोण. उजव्या बाजूलाही हेच, शब्द न शब्द. तिथेही वरचा त्रिकोण तोच, आणि खालचे दोन सारखे हे आपण आधीच पाहिलंय. मग डावीकडचं प्रमाण आणि उजवीकडचं प्रमाण वेगळं असेलच कसं?

ताई, प्रमेय झालं. एकही अक्षर लागलं नाही. आता लेकीला म्हणावं, या त्रिकोणाला हवी ती नावं दे. पीक्यूआर दे, एक्सवायझेड दे, क-ख-ग दे. कागद आडवा धर, उलटा धर. आणि मग पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने पुस्तकातल्यासारखं लिहून काढ. शेवटचं लिहिणं तिला अवघड जाणार नाही, कारण लिहिण्याची सवय तिला आहेच. वेगवेगळी अक्षरं घेऊन तीन वेळा लिहिलं की पुरे. मी मुलांना पाच-पाच वेळा लिहायला लावायचे त्यापेक्षा या तीन वेळा कितीतरी कामाच्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ‘जे मलाच येत नाही ते मी समजावणार कसं?’ तुम्ही समजावायचं नाहीच. समजावायचं तिने, तुम्हाला. आणि तुम्हाला गणित येत नाही ही इथे फार उपयोगाची गोष्ट आहे. मला विषय येतो. त्यामुळे मूल अर्धवट बोललं तरी उरलेलं मी मनातल्या मनात भरून घेते आणि मान डोलावते. मुलाला वाटतं आपल्याला आलं. तुमच्यासमोर हे चालणार नाही. तिने मधली पायरी गाळली की तुम्हाला ते कळणारच नाही, आणि तुम्ही विचाराल, ‘थांब, हे कुठून आलं?’ तिला नेमका हाच प्रश्न कुणीतरी विचारायला हवाय.

रात्री केंद्राची आवराआवर झाली, उद्याची कणीक काढून ठेवली, की वीस मिनिटं तिच्याजवळ बसा. पुस्तक मिटलेलं. तिने दिवसभरात शिकलेली एकच गोष्ट घरच्या भाषेत सांगायची. तुम्ही विचारायचे प्रश्न ठरलेले. म्हणजे काय? असं का? आपल्याकडे हे कुठे दिसतं? ती अडली तर रागवायचं नाही, ‘बघ, येत नाही ना’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. जिथे अडलं तिथे पुस्तकात पेन्सिलने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी सरांना तेवढंच विचारायचं. ‘सर, प्रमेय समजलं नाही’ म्हटलं तर साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात सर तरी काय करतील? पण ‘सर, या दोन त्रिकोणांची उंची सारखी कशी?’ असं विचारलं तर कुठलेही सर मधल्या सुट्टीत दोन मिनिटं थांबून सांगतात. पाठांतर वाढवा म्हणाले म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या मागे अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते, मी त्या घाईतून गेले आहे.

आणि तुम्हाला काही येत नाही असं जे तुम्ही लिहिलंत ते मला पटत नाही. विज्ञान भाग १ मध्ये उष्णतेचं प्रकरण आहे. त्यात अप्रकट उष्मा आहे, आणि मुलं त्याची ‘स्थिर तापमान’, ‘एकक वस्तुमान’ अशा शब्दांची व्याख्या घोकत बसतात. तुम्ही रोज मोठमोठी पातेली उतरवता. उकळत्या पाण्याचा थेंब हातावर उडाला तर भाजतं. पण झाकण उघडताना वाफ हातावर आली तर? तुम्ही लेकीला सांगू शकाल की वाफेचा चटका किती वाईट आणि फोड कसा टरारून येतो. आता तिला विचारा, ‘पाणीही १०० अंशांचं आणि वाफही १०० अंशांची, मग वाफेने जास्त का भाजतं?’

उत्तर आकड्यांत सांगते. १ ग्रॅम उकळतं पाणी कातडीवर पडून १०० अंशांवरून ३७ अंशांवर आलं तर ६३ कॅलरी उष्णता देतं. १ ग्रॅम वाफेचं मात्र आधी पाणी होतं, आणि तेवढं होतानाच ती ५४० कॅलरी सोडते, तेही तापमान एका अंशानेही न उतरता. मग त्या पाण्याच्या ६३ वेगळ्या. एकूण ६०३, म्हणजे जवळजवळ साडेनऊ पट. ती ५४० कॅलरी उष्णता वाफेत होती, पण थर्मामीटरला दिसत नव्हती. दिसत नाही म्हणून अप्रकट. हा शब्द कुणीतरी किती नेमका योजलाय बघा. घोकताना तो नुसता एक अवघड शब्द असतो, चटका आठवला की त्याचा अर्थ लागतो.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही तुमच्या गॅसवर रोज घडते. पाण्याला उकळी फुटल्यावर शेगडी कितीही मोठी केली तरी पाणी जास्त तापत नाही, फक्त वाफ जास्त होते आणि सिलिंडर लवकर संपतो. वर येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. तुम्ही उकळी आली की गॅस बारीक करता ना? ते तुम्हाला शाळेने शिकवलेलं नाही, पण पाठ्यपुस्तकातला धडा तोच आहे. (वर महाबळेश्वरला तर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, कारण उंचीवर हवेचा दाब कमी. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. हे तिला नक्की सांगा, मुलांना असल्या गोष्टी फार आवडतात.)

महाबळेश्वरचं नाव निघालंच आहे तर भूगोलही घ्या. पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, ही व्याख्या राज्यातली सगळी मुलं पाठ करतात. तुमची लेक त्या व्याख्येत राहते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणी ओलांडून पसरणीचा घाट उतरलं की तीस-बत्तीस किलोमीटरवर वाई, आणि पाऊस किती कमी होतो ते तुम्ही दर पावसाळ्यात बघता. आणखी पूर्वेला माणदेशात, दहिवडीकडे, तो पाचशेच्या आसपास येतो, तिथे तर टँकरच्या बातम्या येतात. एकाच जिल्ह्यात हे सगळं. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाची हवा घाटाला अडते, वर चढते, वर गार होते, बाष्पाचं पाणी होऊन तिथेच पडतं. तुमच्या इडलीपात्राच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसंच. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते, तिचे ढग विरतात. घाट चढताना धुकं आणि उतरल्यावर ऊन, हे बसच्या खिडकीतून तिने कितीदा पाहिलं असेल. ते आठवून तिला तिच्या शब्दांत लिहायला सांगा, आणि मग पुस्तकातली व्याख्या शेजारी ठेवायला सांगा. व्याख्या तेवढीच राहील, पण आता ती सहज आठवेल.

यावरून पाठांतर वाईट असं मात्र समजू नका. शेजारच्या वहिनींचं बरोबर असलं तरी ते अर्धंच आहे. पाढे पाठच हवेत, तीसपर्यंत असले तर उत्तम. मूलद्रव्यांच्या संज्ञा, सूत्रं, सनावळ्या, कविता या पाठ करायच्याच गोष्टी आहेत. गणित सोडवताना सात आठे छप्पन आठवायला थांबावं लागलं, तर डोकं तिथेच खर्च होतं आणि खरा विचार राहून जातो. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच यांचे पाढे) तोंडपाठ असायची. तेही घोकलेलंच होतं. पण ते रोज दुकानात, बाजारात, धान्य मापताना वापरलं जायचं, म्हणून ‘दीड’ म्हणजे काय हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. आजच्या मुलाला अपूर्णांकांचा भागाकार विचारा. ‘दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं’ हे लगेच सांगेल. मग विचारा, अर्ध्याला पावने भागलं तर उत्तर दोन येतं, भागल्यावर संख्या वाढली कशी? बहुतेक जण गप्प होतात. तुमच्या ओट्यावर अर्ध्या किलोचं आणि पाव किलोचं अशी दोन मापं असतील. अर्ध्या किलोच्या मापात पाव किलोचं माप किती वेळा रिकामं होतं? दोन वेळा. भागाकार म्हणजे एवढंच विचारणं. लेकीला ते एकदा स्वतः ओतून बघू द्या, दहावीची असली तरी. क्रम एवढाच सांभाळायचा की अर्थ आधी आणि पाठ नंतर. अर्थ कळल्यावर पाठ करायला लागतंही थोडं.

एका गोष्टीची मला काळजी वाटते, ती सांगून ठेवते. तिच्याकडे मोबाईल असेल आणि त्यावर ती शिकवण्याचे व्हिडिओ बघत असेल. त्यातले काही खरंच सुंदर असतात. पण समोरचा माणूस इतकं सफाईने सांगतो की बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि ती म्हणेल ‘समजलं’. या ‘समजलं’वर लगेच विश्वास ठेवू नका. मोबाईल बाजूला ठेवून तेच तुम्हाला सांगता आलं, आणि वेगळ्या आकड्यांचं एक उदाहरण सुटलं, तर समजलं. नाहीतर ते अजून त्या व्हिडिओवाल्याचंच आहे.

चार महिन्यांबद्दल खोटा दिलासा देणार नाही. पहिले दोन आठवडे तिला वाटेल की आपण मागे पडतोय. एरवी दोन दिवसांत पाठ होणारं प्रकरण आता पाच दिवस घेईल. ती घाबरेल, पहाटे उठून पुन्हा घोकायला लागेल. घोकू द्या, तिची जुनी सोबत एकदम काढून घेऊ नका, फक्त रात्रीची वीस मिनिटं मोडू नका. सगळ्या विषयांची सगळी प्रकरणं या रीतीने आता होणार नाहीत, आणि तसा हट्टही नको. भूमितीत समरूपता, पायथागोरसचं प्रमेय आणि वर्तुळ. विज्ञानात उष्णता, प्रकाशाचं अपवर्तन आणि विद्युतधारेचे परिणाम. एवढं जरी तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरी बोर्डाच्या परीक्षेला फरक दिसेल. बाकी ती आत्तासारखं करो. तिच्या पाठांतराच्या ताकदीवर ते निभावेल.

आणि परीक्षेत भाषा पुस्तकातलीच लिहायची, हे तिला स्पष्ट सांगा. घरी ‘लोंबणारा त्रिकोण’ म्हटलं तरी पेपरात ‘समान पाया आणि समान उंची असलेले त्रिकोण’ असंच लिहायचं, शेजारी कंसात कारण द्यायचं. घरची भाषा समजण्यासाठी, पुस्तकाची सांगण्यासाठी. दोन्ही तिच्याच आहेत.

पूर्वपरीक्षा बहुधा जानेवारीत असेल. तिच्या आधीच्या रविवारी तिला एक कोरा कागद द्या आणि त्रिकोण तुम्ही काढा, तुम्हाला जमेल तसा वाकडातिकडा, टोक खाली करून. नावंही तुम्हीच द्या. ती त्यावर प्रमेय सिद्ध करून दाखवेल तेव्हा कुठे अडली आणि कुठे नाही, तेवढं मला लिहून कळवा. मी वाट बघते.

तुमची,
बाई